सोन्याचे कण, मूत्राशयाचा कर्करोग आणि वर्धा जिल्हा

मे महिन्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी या पट्ट्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. लघवीला जळजळ झाली, रंग गडद दिसला की घरातले वडीलधारे सांगतात, उन्हाळी लागली आहे, धन्या-जिऱ्याचं पाणी घे, सब्जा घे, उन्हात फिरू नकोस. बहुतेक वेळा त्यांचे म्हणणे बरोबर असते. अंगातले पाणी कमी पडलेले असते, कधी जंतुसंसर्ग असतो, कधी मुतखडा. पण यातच थोडी माणसे अशी असतात की त्यांना हे लागू पडत नाही. पन्नाशी-साठी ओलांडलेला, वर्षानुवर्षे बिडी ओढणारा माणूस असतो. एके दिवशी त्याची लघवी तांबडी होते, दुखत काहीच नाही, आणि दोन दिवसांत ती आपोआप स्वच्छ होते. दुखले नाही म्हणून तो दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि थांबले म्हणून बरे झाले असे धरून चालतो. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मूत्राशयाच्या कर्करोगाची सर्वांत नेहमीची पहिली खूण हीच आहे: न दुखता, येऊन-जाऊन लघवीतून पडणारे रक्त.

हे पुस्तक सोन्याच्या नॅनोकणांविषयी आहे. या कणांनी मूत्राशयाचा कर्करोग लवकर ओळखता येईल का, आणि पुढे त्यावर उपचार करता येतील का, याचा शोध जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहे. विषय चकाकणारा आहे आणि त्यावर वर्तमानपत्री मथळे सहज रचता येतात. तरीही प्रस्तावनेची सुरुवात मी प्रयोगशाळेपासून न करता त्या बिडी ओढणाऱ्या माणसापासून केली, कारण या साऱ्या संशोधनाची किंमत शेवटी त्याच्या हिशेबाने ठरवायची आहे. पुढची पाने वाचताना माझे एक मत वाचकाला वारंवार भेटेल, ते आत्ताच उघड सांगतो. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात सोन्याच्या कणांचे पहिले काम निदानाचे आहे, उपचाराचे नंतर.

आधी रोगाविषयी. २०२२ साली जगात मूत्राशयाच्या कर्करोगाचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे २ लाख २० हजार माणसे त्याने दगावली. कर्करोगांच्या जागतिक यादीत तो नवव्या क्रमांकावर येतो. पुरुषांत तो बायकांपेक्षा तिपटीहून जास्त दिसतो. युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतात त्याचे प्रमाण बरेच कमी आहे, आणि आपल्या विदर्भात तर कर्करोग म्हटला की आधी तोंडाचा डोळ्यांपुढे येतो. खर्रा, तंबाखू, नस यांनी गालफडे आणि जिभा खाल्लेली माणसे प्रत्येक गावात आहेत. वर्धा जिल्ह्याची स्वतंत्र कर्करोग नोंदणी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत चालते. तिथेही पुरुषांमध्ये तोंडाचा आणि बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग पुढे असतो. मूत्राशयाचा कर्करोग त्या गर्दीत मागे राहतो, आणि मागे राहिल्यामुळे त्याची ओळख समाजाला नाही.

कारण मात्र ओळखीचेच आहे, तंबाखूचा धूर. बिडी-सिगारेटच्या धुरातली ॲरोमॅटिक अमाइन नावाची रसायने फुप्फुसातून रक्तात जातात, मूत्रपिंडे ती गाळून लघवीत टाकतात, आणि ती लघवी तासन् तास मूत्राशयात साठून राहते. म्हणजे धूर छातीत ओढला तरी त्यातले विष सर्वांत जास्त वेळ टेकते ते मूत्राशयाच्या अस्तराला. या रोगाच्या साधारण निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असते असे मोठमोठ्या पाहण्यांतून दिसले आहे. हीच रसायने रंगांच्या कारखान्यांतही असत. १८९५ साली लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने फ्रँकफर्टजवळच्या फुक्सिन रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी दाखवून दिल्या. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगांच्या अभ्यासातला तो एक पायाचा दगड मानला जातो. विष अंगात जाणे आणि गाठ दिसणे यांत वीस-वीस, तीस-तीस वर्षांचे अंतर पडते. आज गाठ घेऊन आलेल्या माणसाने बिडी कदाचित दहा वर्षांपूर्वीच सोडलेली असते. मग डॉक्टरने धूम्रपानाचे विचारले की तो मनापासून ‘नाही’ म्हणतो.

या रोगात एक गोष्ट आशेची आहे आणि एक छळणारी. आशेची अशी की निदानाच्या वेळी दर चारांपैकी सुमारे तिघांत रोग मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरताच असतो, स्नायूत शिरलेला नसतो. अशा वेळी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढता येते, पोट उघडावे लागत नाही. छळणारी अशी की गाठ काढली तरी निम्म्याच्या आसपास, काही गटांत त्याहूनही अधिक रुग्णांमध्ये ती परत येते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. धोका जास्त असेल तर पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. रुग्ण जिवंत असेपर्यंत हे चालते, म्हणून दर रुग्णामागे होणाऱ्या खर्चाच्या हिशेबात हा कर्करोग सर्वांत महागड्या कर्करोगांत गणला जातो.

आता हे वेळापत्रक आष्टीच्या किंवा कारंजा घाडगेच्या एखाद्या शेतमजुराला लावून पाहावे. सकाळची पहिली एसटी, सोबत एक माणूस, दोघांची बुडालेली मजुरी, ओपीडीची चिठ्ठी, रक्त-लघवीची तपासणी, नंबर, आणि मग ती दुर्बीण. मूत्रमार्ग बधिर करणारी जेली लावतात, लवचीक दुर्बीण असेल तर त्रास बराच कमी होतो, पण पुरुषाच्या लांब मूत्रमार्गातून नळी सरकताना होणारी ती चमक आणि त्याहून अधिक तो संकोच माणूस विसरत नाही. पुढचे दोन दिवस लघवीला आग होते. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून निघाला तरी येण्याजाण्याचे, खाण्याचे आणि खाड्याचे पैसे कोणी भरून देत नाही. मग तिसऱ्या-चौथ्या खेपेला माणूस येत नाही. ‘आता बरं वाटतंय’ असे तो म्हणतो. तो परत येतो तेव्हा रोग स्नायूत गेलेला असतो, आणि मग सारे मूत्राशयच काढण्याचा प्रश्न उभा राहतो. त्या वेळी घरातल्या बाईच्या गळ्यातले सोने मोडायला निघते.

लघवीतूनच उत्तर मिळाले तर? लघवी तर त्या गाठीला धुऊनच बाहेर येते. सुटलेल्या पेशी, प्रथिने, विकरे, केंद्रकाम्लाचे तुकडे, सगळे तिच्यात उतरते. लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत जुनी आहे. ती आक्रमक गाठी चांगल्या पकडते, पण सौम्य गाठी तिच्या हातून निसटतात, आणि स्लाइड वाचायला जाणता पॅथॉलॉजिस्ट लागतो. सोन्याच्या कणांची गरज नेमकी इथे पडते.

सोने पिवळे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. पण सोन्याचा कण वीस नॅनोमीटरचा झाला की तो लाल दिसतो. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. अशा एका कणात सोन्याचे सुमारे अडीच लाख अणू मावतात. रसायनशास्त्राच्या कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करता येतो, आणि ज्याने तो एकदा पाहिला त्याला या विषयाची गोडी लागल्याशिवाय राहत नाही. अम्लराजात विरघळवलेल्या सोन्याचे, म्हणजे क्लोरोऑरिक आम्लाचे, अगदी विरळ द्रावण चंचुपात्रात उकळत ठेवायचे. ते फिकट पिवळे असते. त्यात सोडियम सायट्रेटचे द्रावण ओतायचे आणि ढवळत राहायचे. पिवळेपणा जातो आणि थोडा वेळ पात्रात नुसते पाणी आहे असे वाटते. मग त्यात राखाडी-निळसर छटा येते, ती जांभळी होते, आणि काही मिनिटांत सारे द्रावण माणकासारखे लाल होते. ही सायट्रेटची रीत जॉन टर्केविच यांनी १९५१ साली नीट अभ्यासून मांडली. सायट्रेट कमी-जास्त करून कणाचा आकार कसा बदलता येतो हे १९७३ साली फ्रेन्स यांनी दाखवले. त्याच्या किती तरी आधी, १८५७ साली, मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या लाल सोन्यावर व्याख्यान दिले आणि हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच आहे असे सांगितले. त्यांनी केलेल्या द्रावणाच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून आहेत, आणि अजून लाल आहेत.

प्रयोगाचा दुसरा भाग आपल्या कामाचा. त्या लाल द्रावणात चिमूटभर मीठ टाकले की ते डोळ्यांदेखत निळे-जांभळे होते. सायट्रेटमुळे प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून कण एकमेकांना दूर लोटत असतात. मिठाने हा भार झाकला जातो आणि कण एकमेकांना चिकटून गोळा होतात. सुटा कण हिरवा प्रकाश, साधारण ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा, शोषतो आणि लाल दिसतो. गोळा झालेले कण त्याहून लांब तरंगांचा प्रकाश शोषतात आणि निळे दिसतात. कणांतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशासोबत एका तालात डोलू लागल्यामुळे हे घडते. कण सुटे की चिकटलेले, एवढाच फरक, आणि तो उघड्या डोळ्यांना दिसतो. यंत्र नाही, वीज नाही.

आपण हे कण पाहिलेले आहेत, फक्त ओळखलेले नाहीत. गरोदरपणाच्या घरगुती चाचणीत उमटणारी लाल रेघ बहुतेक पट्ट्यांत सोन्याच्या कणांचीच असते. साधारण चाळीस नॅनोमीटरच्या कणांवर प्रतिपिंडे बसवलेली असतात. लघवीसोबत ते पट्टीवरून सरकतात, आणि हवे ते संप्रेरक सापडले की ठरल्या जागी अडकून रेघ उमटवतात. आशाताईंकडच्या पिशवीतली ही पट्टी म्हणजे सोन्याच्या नॅनोकणांचा जगातला सर्वांत यशस्वी वापर आहे. सोन्याच्या भावाने घाबरून जाण्याचे कारण नाही. एक ग्रॅम सोन्यापासून चाळीस नॅनोमीटरचे सुमारे दीड हजार लाख कोटी कण होतात. पट्टीची किंमत ठरते ती प्रतिपिंडांवरून आणि दर्जा राखण्याच्या खर्चावरून.

मूत्राशयाच्या कर्करोगासाठी हीच कल्पना कैरोमध्ये पुढे नेण्यात आली. इजिप्तमध्ये नाईलच्या पाण्यातल्या शिस्टोसोमा नावाच्या कृमीमुळे हा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या फार होता, त्यामुळे तिथल्या संशोधकांची त्यावर नजर असणे स्वाभाविक होते. २०१४ साली हसन अझ्झाझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लघवीतले हायलुरोनिडेज नावाचे विकर पकडणारी एक चाचणी प्रसिद्ध केली. मूत्राशयाच्या कर्करोगात हे विकर लघवीत वाढते. त्यांनी धन विद्युतभार असलेले सोन्याचे कण घेतले. हायलुरोनिक आम्लाची लांब, ऋण भाराची साखळी या कणांना एकत्र ओढते आणि द्रावण निळे होते. पण लघवीत ते विकर असेल तर ते आधीच त्या साखळीचे तुकडे करून टाकते, कण सुटेच राहतात आणि द्रावण लालच राहते. निळे म्हणजे विकर नाही, लाल म्हणजे आहे. एवढ्या साध्या रचनेने कर्करोगाचा माग लागू शकतो, हे वाचून मला मनापासून आनंद झाला होता, आणि तो अजून कमी झालेला नाही.

आनंद झाला म्हणून शंका बाजूला ठेवायच्या नाहीत. लघवीतल्या दुसऱ्या एका प्रथिनावर, ज्याला एनएमपी-२२ म्हणतात, बेतलेली पट्टीची चाचणी परदेशांत वीसहून अधिक वर्षे वापरात आहे. तिचा अनुभव असा की मुतखडा, जंतुसंसर्ग किंवा लघवीतले रक्त असले की ती कर्करोग नसतानाही ‘आहे’ म्हणते. दुर्बिणीची तपासणी तिने हटवली नाही. सोन्याच्या कणांच्या कोणत्याही नव्या चाचणीला याच कसोटीवर उतरावे लागेल, आणि विदर्भात ही कसोटी आणखी अवघड आहे. तिच्याकडे प्रस्तावनेच्या शेवटी येतो.

उपचाराची बाजूही समजून घ्यायला हवी, आणि तिथे महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सोन्याचा कण गोल असेल तर तो दिसणारा प्रकाश शोषतो. तो लांबट, चपटा किंवा पोकळ असेल तर अवरक्ताजवळचा, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो. हा प्रकाश मांस-रक्तातून बऱ्यापैकी आत जातो. गाठीत असे कण पोचवले आणि वरून लेसर टाकला तर कण तापतात आणि आसपासच्या पेशी भाजून मरतात. बाजूच्या, कण नसलेल्या ऊतकाला झळ कमी लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने बुरशीच्या आणि वनस्पतींच्या मदतीने सोन्याचे कण करण्याचे काम केले. २००४ साली ‘नेचर मटेरियल्स’मध्ये त्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे, त्रिकोणी कण करून दाखवले. आपल्या अंगणातला, पावसाळ्यात चहात टाकतो तो गवती चहा. त्या त्रिकोणांचे वैशिष्ट्य हेच, की ते अवरक्ताजवळचा प्रकाश जोरात शोषतात. पुढे आयआयटी मुंबईचे रोहित श्रीवास्तव आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेतील अभिजित डे यांच्या गटांनी मिळून मेदाच्या सूक्ष्म पिशवीवर सोन्याचा मुलामा दिला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात उंदरांतल्या गाठी अशा कणांनी आणि लेसरने भाजून निघाल्या. काम झाल्यावर ही पिशवी फुटून सोन्याचे बारीक तुकडे यकृत आणि मूत्रपिंडांच्या वाटेने शरीराबाहेर जातात. माझ्या दृष्टीने या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. कारण मोठे कण शरीरातून सहज जात नाहीत, यकृत-प्लीहेत साचून राहतात. मूत्रपिंडाच्या गाळणीतून निघायला कण साडेपाच नॅनोमीटरच्या आतबाहेर असावा लागतो.

मूत्राशय हा या उपचारासाठी जणू मुद्दाम घडवलेला अवयव आहे. तो पोकळ आहे, नळीने पोचता येतो, औषध रक्तात न सोडता थेट आत भरता येते, आणि दुर्बिणीतूनच लेसरचा तंतू नेता येतो. आत औषध भरून ठेवण्याची रीत नवी नाही. कॅनडाच्या आल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली क्षयाची बीसीजी लस मूत्राशयात सोडून गाठी परत येण्याचे प्रमाण कमी करून दाखवले. आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे लस भरायची आणि रुग्णाने ती दोन तास धरून ठेवायची, हा क्रम आजही चालू आहे. या कामाची बीसीजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते. सोन्याचे कण याच वाटेने आत नेण्याचा प्रयत्न कोलोराडो विद्यापीठातील थॉमस फ्लेग यांच्या गटाने केला. कर्करोगाच्या पेशींवर ईजीएफआर नावाचे प्रथिन जास्त असते. त्याला जाऊन चिकटणारी प्रतिपिंडे सोन्याच्या दांड्यांवर बसवायची, ते मिश्रण उंदराच्या मूत्राशयात भरायचे आणि लेसर टाकायचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उंदरांतील गाठींची वाढ आवरली गेली. बार्सिलोनाच्या सॅम्युएल सांचेझ यांच्या गटाने त्याही पुढे जाऊन स्वतः हलणारे कण केले. सिलिकेच्या गोळ्यांवर युरिएज हे विकर बसवले की लघवीतला युरिया फोडून ते पुढे सरकतात. त्यांवर लावलेल्या सोन्याच्या बारीक कणांना किरणोत्सारी आयोडीन धरून ठेवता येते. २०२४ साली त्यांनी उंदरांतील गाठी सुमारे ९० टक्के आकसल्याचे कळवले.

हे सगळे प्रयोग उंदरांवरचे आहेत, हे विसरायचे नाही. मूत्राशयाच्या आतला थर निसर्गाने लघवी आत मुरू नये म्हणूनच घडवलेला आहे, तो औषधालाही आत येऊ देत नाही. भरलेले औषध येणाऱ्या नव्या लघवीने पातळ होत जाते आणि दोन तासांनी बाहेर पडते. सोन्याच्या दांड्या करताना वापरला जाणारा सीटॅब नावाचा साबणासारखा पदार्थ पेशींना विषारी असतो, तो धुऊन दुसरे आवरण द्यावे लागते. माणसांवर काही चाचण्या झाल्या आहेत. अमेरिकेत कर्करोगाच्या विविध प्रकारच्या रुग्णांना, गाठीवर हल्ला करणारे टीएनएफ प्रथिन सोन्याच्या कणांवर बसवून शिरेतून दिले गेले. त्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली आले. शेजारच्या पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात सिलिकेवर सोन्याचे कवच असलेले कण आणि लेसर वापरून १६ रुग्णांवर उपचार झाले, त्यांपैकी १५ जणांत ठरवलेली जागा जाळण्यात यश आले. हे २०१९ साली प्रसिद्ध झाले. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मात्र सोन्याच्या कणांचा एकही उपचार आजवर मान्यता पावलेला नाही. सेवाग्रामला, सावंगीला, नागपूरला किंवा मुंबईला कोणी तो मागू नये, आणि कोणी देऊ केला तर घेऊ नये.

याच ओघात सुवर्णभस्माविषयी लिहायला हवे, कारण प्रश्न हमखास येतो. सुवर्णभस्म तपासले असता त्यात साधारण ५६-५७ नॅनोमीटरचे सोन्याचे कण सापडल्याचे २००७ सालच्या एका अभ्यासात नोंदले आहे. आपल्या वैद्यांनी शतकानुशतके भट्टी आणि खलाच्या साहाय्याने जे केले ते नॅनोमीटरच्या मापात बसते, ही अभिमानाची बाब आहे. पण कणाचा आकार जुळला म्हणून काम जुळत नाही. वर सांगितलेल्या कणांवर प्रतिपिंड असते, आवरण असते, आकार ठरवून दिलेला असतो आणि ते मूत्राशयात थेट पोचवलेले असतात. लघवीतून रक्त जाणाऱ्या माणसाने भस्म घेत सहा महिने काढले तर ते सहा महिने रोगाला मिळतात.

आता वर्धा. या जिल्ह्याने आजारी माणसाला रुग्णालयाची वाट पाहायला न लावता त्याच्याकडे जाण्याचे काम फार आधी केले आहे. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. र. वि. वारदेकर यांनी पाहणी, शिक्षण आणि उपचार यांची सांगड घालून घरोघर जाऊन रोगी शोधण्याची पद्धत बसवली. देशाच्या कुष्ठरोग नियंत्रणाच्या कामाने पुढे तीच रीत उचलली. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. तिथल्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, आणि आसपासच्या गावांनी ज्वारीच्या रूपात वर्गणी भरून आरोग्यविमा चालवल्याचा अनुभवही याच संस्थेच्या गाठीशी आहे. १९९० पासून सावंगी मेघे येथे दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठे रुग्णालय आहे. तेरा लाख वस्तीच्या एका जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये, जिल्ह्याची कर्करोग नोंदणी आणि गावोगाव ओळख असलेले कार्यकर्ते हे एकत्र मिळणे दुर्मीळ आहे. लघवीच्या चाचणीचा खरा कस लावायला यापेक्षा चांगली जागा महाराष्ट्रात शोधावी लागेल.

कुष्ठरोगासारखे घरोघर जाऊन सगळ्यांची लघवी तपासावी असे मी म्हणत नाही. रोग विरळ असला की चांगल्या चाचणीलाही खरे रुग्ण थोडे आणि खोटे इशारे फार सापडतात, आणि प्रत्येक खोट्या इशाऱ्यामागे एक घाबरलेले घर आणि एक विनाकारण झालेली दुर्बीण असते. निवड करायला हवी. ज्याला एकदाही न दुखता लघवीतून रक्त गेले आहे, ज्याने वीस-पंचवीस वर्षे बिडी ओढली आहे आणि वय पन्नाशीपुढे आहे, जो रंगकामात राबला आहे, अशांसाठी ही चाचणी हवी. आणि सर्वांत आधी हवी ती गाठ काढून झालेल्या रुग्णांसाठी. गावातच केलेली पट्टी विश्वासाने ‘नाही’ म्हणू शकली तर सौम्य रोगाच्या रुग्णाच्या कित्येक खेपा आणि दुर्बिणी वाचतील. ‘आहे’ म्हणाली तर मात्र त्याला त्याच आठवड्यात रुग्णालयात न्यायचे. अशा चाचणीने शंभर टक्के अचूक असण्याची गरज नाही, पण आक्रमक गाठ तिच्या हातून सुटता कामा नये.

ही कसोटी इथे अवघड का, ते आता सांगतो. कैरोच्या चाचणीत लाल रंग म्हणजे धोका. आपल्याकडे ज्याची चाचणी करायची त्याची लघवी रक्तानेच तांबडी असेल, म्हणजे ती आधी फिरवून, गाळून स्वच्छ करून घ्यावी लागेल, आणि ते काम उपकेंद्राच्या टेबलावर जमले पाहिजे. उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या माणसाची लघवी दाट असते, तिच्यात क्षार जास्त असतात. मिठाने सोन्याचे कण गोळा होतात हे वर पाहिलेच. कणांवरचे आवरण कच्चे असेल तर अशा लघवीत ते कर्करोगाशी संबंध नसताना गोळा होतील, द्रावण निळे दिसेल आणि रोग असलेल्या माणसाला ‘काही नाही’ असे सांगितले जाईल. तुलनेसाठी निरोगी तरुण विद्यार्थ्यांचे नमुने घेऊन भागणार नाही. मुतखड्याचे आणि जंतुसंसर्गाचे रुग्ण घ्यावे लागतील, जानेवारीतले आणि मेमधलेही नमुने घ्यावे लागतील, प्रत्येकाची दुर्बीण झालेली असावी लागेल, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कोणाला रोग निघाला हे जिल्ह्याच्या नोंदणीशी ताडून पाहावे लागेल. शिवाय अशा पट्ट्या साधारण ३० अंशांपर्यंत साठवायच्या असतात. उपकेंद्राच्या पत्र्याखालच्या कपाटात मे महिन्यात त्या किती दिवस टिकतात हे तिथेच, त्याच कपाटात ठेवून मोजावे लागेल.